पोटखराब

भाग क्रमांक १४. संवेदनशीलता : कमी.

एप्रिलमधल्या एका दुपारी गाडीच्या बॉनेटवर पॅड ठेवून हे मी लिहिलं. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. समोर सडा होता, म्हणजे काळपट तांबूस कातळाचं सपाट मैदान. झाड नाही, सावली नाही. करपलेलं गवत, विजेचे मोठे मनोरे, एका कडेला बंद पडलेली चिरेखाण आणि तिच्यात ओतलेला शहराचा कचरा. डोक्यावर एक टिटवी कोकलत घिरट्या घालत होती. म्हणजे तिची अंडी जवळपास असणार, हे मला कळत होतं. तरी वीस मिनिटांत काम आटोपून आम्ही १५ नंबरकडे उतरलो.

तो तक्ता मी फेकलेला नाही. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, घामाच्या डागासकट.

माझं काम नेमकं काय, हे घरच्यांनाही मला नीट सांगता आलेलं नाही. ‘ती बागा आखते,’ असं आई शेजाऱ्यांना सांगते. बागाही आखते, पण निम्मं वर्ष जातं ते शहरांच्या कडेकडेने फिरण्यात. हद्दीबाहेरचा दोन-तीन किलोमीटरचा पट्टा घ्यायचा. उतार, माती, पाणी, झाडोरा, वस्ती, जुन्या वाटा बघून त्याचे एकजिनसी तुकडे पाडायचे. मग प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारायचे. इथे बांधकाम आलं तर ही जमीन ते किती सोसेल? आणि जे सोसवणार नाही, जे मोडेल, त्याचं मोल काय? सोशीक आणि फारसं मोल नसलेला तुकडा खालच्या पायरीवर, नाजूक आणि मोलाचा वरच्या. मधे आणखी तीन पायऱ्या. शेवटी नकाशावर पाच रंग उमटतात आणि त्या रंगांकडे बघून कुणीतरी ठरवतं की शहर कुठे वाढू द्यायचं.

ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे. नव्या घरांसाठी जागा ठरवण्याआधी तिथल्या स्थानिक परिषदा गावालगतची शेतं, टेकड्या, ओढ्याकाठ असे तुकड्यातुकड्याने पारखून घेतात. आम्ही मात्र कॉलेजात हे ट्रेसिंग पेपरवर शिकलो, आणि शिकलो ते इयन मॅकहार्ग यांच्यामुळे. जन्माने स्कॉटिश, शिकवायला अमेरिकेत. त्यांचं ‘डिझाइन विथ नेचर’ १९६९ चं. उतार, पूर, माती, जंगल, इतिहास यांचा प्रत्येकी एक पारदर्शक नकाशा करायचा; धोका किंवा मोल जास्त तिथे रंग गडद. मग सगळे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायचे. जिथून उजेड आरपार येईल, तिथे बांधायला हरकत कमी. आता ट्रेसिंग पेपर जाऊन संगणक आला, पण हिशेब तोच आहे.

१४ नंबरमधून उजेड लख्ख येत होता. कारण माझ्या एकाही नकाशात त्याच्यावर काहीच नव्हतं.

उपग्रहाच्या चित्रात सडा म्हणजे मातकट डाग. देशभरच्या पडीक जमिनींचा जो अ‍ॅटलास निघतो, त्यात अशा जागेसाठी ओसाड खडकाळ जमीन हा वर्ग आयताच आहे. आणि सातबाऱ्यावर शब्द आहे पोटखराब. गटाच्या पोटातला, लागवडीला नालायक भाग. त्याच्यावर आकार बसत नाही. सरकारदरबारी त्याचं मोल शून्य. असे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. चौथी साक्ष माझी झाली.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोकणातलं तालुक्याचं गाव म्हणा. बाजारपेठ खाडीकाठी. तिच्या मागे मळ्यांतली भातशेती, तिथे पुराचं पाणी चढतं. मधल्या उतारावर आंबा-काजूची कलमं. सपाट, मोकळं आणि पुराच्या वरचं असं एकच ठिकाण, ते म्हणजे शहराच्या डोक्यावरचा सडा. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तसे चहाच्या टपरीवर सड्यावरच्या गुंठ्याचे भाव बोलले जाऊ लागले होते. माझ्या ‘कमी’ची तिथे वाटच बघितली जात होती.

१५ नंबर म्हणजे सड्याच्या कुशीतली वाडी. अकरा घरं. त्यांतल्या सात घरांना कुलूप. मी लिहिलं : वस्ती विरळ, वापर कमी. एका उघड्या घरासमोर आम्ही पाणी मागायला थांबलो. सत्तरीच्या एक काकी बाहेर आल्या. पाण्याबरोबर गुळाचा खडा आणला.

“कुठून आलात?”

“पुण्याहून. शहर वाढणार आहे ना, तर आजूबाजूची जमीन कशी आहे ते बघतोय.”

“वर जाऊन आलात?”

“हो. तिथे काहीच नाही, काकी. नुसता कातळ.”

त्या हसल्या. हसण्यात टोमणा नव्हता, लहान पोराचं बोबडं बोलणं ऐकल्यासारखं हसल्या. “आता काय असणार गो बाय? पाऊस लागला की ये.”

पाणी गार होतं. मी म्हटलं, विहीर कुठे? घराच्या मागे, सड्याच्या पायथ्याला लागूनच. डोकावले तर एप्रिलात तळाशी दीड पुरुष पाणी. शहरात तेव्हा टँकर फिरत होते. काकी म्हणाल्या, “ही बावडी पाऊस लागला की लगेच भरत नाय. आधी वरचा सडा पितो, त्याचं पोट भरलं की मग आम्हांला देतो. पण देतो तो शिमग्याच्या पुढेही.”

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तक्त्यात मात्र त्याला रकाना नव्हता.

निघताना सहज विचारलं, वर सगळा एकच सडा, की त्याला काही नावं आहेत? त्या बोटांवर मोजत सांगत गेल्या. दुपारी गुरं बसतात ती गोठण. पाणी साचतं तो तळीचा कातळ. शिमग्याला होळी लागते तो होळीचा माळ. धनगर उतरतात ती वाट. नाचणी घालायचे ती खाच. पोरं शेळ्या घेऊन जातात तो पाठार. आणि एक रांजणाचा खडक, तिथे एकट्याने जायचं नाही. सात नावं. माझ्या कागदात त्या सगळ्याला एकच गट नंबर होता आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर त्रेचाळीस मालकांची नावं. काकींची सात जागांची, सरकारची त्रेचाळीस माणसांची.

आता माझ्या वेंधळेपणाचं थोडं समर्थन. मी एप्रिलात गेले ते हौसेने नव्हे. आपल्याकडे अशा कामांचा आदेश जानेवारीच्या आसपास निघतो, कारण तोवर वर्षाचं अंदाजपत्रक कुठे किती उरलंय ते कळलेलं असतं. मार्चअखेर पहिलं बिल. पाहणी फेब्रुवारी ते एप्रिल, मसुदा मेमध्ये, पाऊस लागायच्या आत सादरीकरण. म्हणजे जमीन कोणत्या ऋतूत बघायची हे आर्थिक वर्ष ठरवतं. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांतही एका ऋतूच्या नोंदींवर भागवता येतं, आणि तो ऋतू पावसाळ्याखेरीजचा असावा अशी रीत आहे. हवेतली धूळ मोजायची तर ते ठीकच, पावसात धूळ बसते. पण सड्याचं सगळं आयुष्यच जून ते ऑक्टोबर एवढं असतं. पावसाळा वगळून सडा पाहणं म्हणजे कीर्तन संपल्यावर देवळात जाऊन सतरंजी मोजण्यासारखं.

आमचं मेमधलं सादरीकरण निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकलं. एरवी मी चिडले असते, कारण शेवटचं बिलही त्यालाच लटकलेलं. पण त्यामुळे सप्टेंबर उजाडला आणि काम अजून उघडंच होतं. काकींचं वाक्य वहीत टोचत होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला सोबत घेतलं आणि गणपतीच्या दिवसांत पुन्हा गेले.

वाडीत शिरताना आधी वाटलं रस्ता चुकला. अकराच्या अकरा घरं उघडी. अंगणात मोटारसायकली, पडवीत ढीगभर चपला, आतून आरतीचा दणका. मुंबईकर आले होते. काकींच्या घरात मला सतरा माणसं भेटली. ‘वस्ती विरळ, वापर कमी’ हे मी ज्या वाडीबद्दल लिहिलं, तीच ही. कुलूप म्हणजे रिकामं घर असं मी धरलं होतं. कोकणात कुलूप म्हणजे घरमालक विरारला असतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा नातू आम्हांला वर घेऊन गेला. सड्यावर पाऊल ठेवलं ते पाण्यातच. घोट्यापर्यंत नाही, नखभर, पण सगळीकडे. कातळावरून पाण्याचा पातळ पदर सरकत होता, आवाज न करता. खोलगट जागी तळी. कातळाच्या फटीफटींत, मूठभर मातीत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर. या वनस्पतीला माती निकस मिळते म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, असं मैत्रीण सांगत होती आणि सांगता सांगता पाण्यात गुडघे टेकून बसली होती. गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं, तेरडा. एप्रिलात बूट आपटत गेले होते तिथेच हे सगळं बी होऊन पडलेलं असणार.

मैत्रिणीने एक सुटा दगड हलकेच उचलला. खाली हाताच्या बोटाएवढी पाल. सड्यावरच्या काही पाली अशा सुट्या दगडांखालीच राहतात, अंडीही तिथेच घालतात. तिने दगड होता त्याच बैठकीत परत बसवला, जरा फिरवून नीट केला. “हा इथून उचलून कुंपणाला लावला तर हिचं घर गेलं,” ती म्हणाली. माझ्या तक्त्यात सुट्या दगडांचा उल्लेख होता. ‘जमीन साफ करण्याचा खर्च कमी’ या सदराखाली.

पाणी कुठे जातं ते मला बघायचं होतं. आम्ही पदराच्या मागे मागे चालत सड्याच्या कडेपर्यंत गेलो. जांभा दगड दिसतो घट्ट, पण आतून पोखरलेला असतो, जुन्या लाकडासारखा. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातला हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट नाव दिलं ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. तिथले लोक तो मऊ असतानाच विटेसारखा कापायचे आणि हवा लागली की तो टणक व्हायचा. आपले चिरे तेच. वरचं कवच कठीण, म्हणून पाणी आधी सरकतं. फटींतून, खोलगटांतून, कडांवरून आत उतरतं. पोखरलेल्या जांभ्यातून हळूहळू खाली जातं आणि त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं. तिथून आडवं चालत पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर. काकींची बावडी अगदी त्या ओळीवर होती. ‘आधी सडा पितो’ हे भूजलशास्त्र होतं आणि मी ते म्हण म्हणून उतरवून घेतलं होतं.

सड्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच प्लॉट पाडले होते. बिनशेती झालेली, फलक लागलेला. तिथे मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं शिकायला मिळालं. घर अजून एकही उभं नव्हतं. फक्त कुंपणाची भिंत होती. चिरे, सिमेंट आणि खाली पक्का पाया. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, खालच्या अंगाला कातळ कोरडा. तुंबलेलं पाणी भिंतीचं टोक गाठून एकाच जागेवरून कोसळत होतं आणि आतली जमीन सपाट करायला ओतलेला मुरूम घेऊन खालच्या मळ्यात उतरत होतं. एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात वीतभर लाल गाळ. शंभर पावलांवर जुना गडगा होता, नुसत्या दगडावर दगड रचलेला. त्याच्या फटीफटींतून पाणी पलीकडे जात होतं, जणू गडगा तिथे नाहीच. गुरं अडत होती, पाणी अडत नव्हतं.

तोवर मी विचारत आले होते, ही जमीन संवेदनशील आहे का? प्रश्नच अर्धा होता. कशाला संवेदनशील? घराला, भिंतीला, मुरुमाला, रस्त्याला? एखादं घर सडा सोसेल. आठ फुटी भिंतीचा चौकोन त्याला सोसणार नाही, मग आत घर असो वा नसो. आमच्या नकाशात एका तुकड्याला एकच रंग होता. त्यामुळे गडगा आणि भिंत यांतला फरक त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

आमच्या धंद्यात लँडस्केपला मराठीत भूदृश्य म्हणतात. मीच कितीदा अहवालात लिहिलं आहे. त्या दिवसापासून तो शब्द लिहिताना हात अडतो. दृश्य हे आधीच ठरवून टाकलेलं, म्हणजे जे दिसतं ते. आमचे बरेच निकषही डोळ्यांचेच : डोंगराची कड आकाशात किती उठून दिसते, हमरस्त्यावरून इमारत नजरेत येते का, गावाचा दर्शनी भाग बिघडतो का. त्यात चूक काही नाही. पण बघणारा कोण? वहिवाटीच्या पाऊलवाटांवरून फिरायला निघालेल्या माणसाची नजर त्या ब्रिटिश पद्धतीत गृहीत धरलेली आहे. आमच्या सड्यावर फिरायला कोणी जात नाही. तिथे जातात गवताचा भारा आणणाऱ्या बाया, शेळ्यांमागची पोरं. त्यांची नजर देखाव्यावर नसते, पायाखाली असते. आणि सड्याचं मोल पायाखालीच आहे.

वेळेचंही तसंच. रत्नागिरी-राजापूर भागातली कातळशिल्पं मी आधी पाहिली होती. कशेळीचा तो भलाथोरला हत्ती, ज्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. भर दुपारी गेलात तर त्या रेघा कातळात विरून जातात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन आलं की सावली धरतात आणि हत्ती उठतो. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी गावोगाव, गुराख्यांना विचारत विचारत अशी चित्रं शोधली, नोंदवली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेली. त्यांच्याही सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबच असणार, असं तेव्हा गमतीने म्हटलं होतं. १४ नंबरवर उभी असताना ते आठवलं आणि गंमत वाटली नाही.

कासचं पठार नशीबवान. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात गेलं, फुलं बघायला तिकीट लागलं. खालच्या सड्यांना असलं कोणी वाली नाही. मोठ्या अभ्यासांची जाळीही त्यांच्यासाठी विरळ पडते. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालासाठी अख्खा पश्चिम घाट साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागून पारखला. एवढ्या मोठ्या पर्वतरांगेसाठी ते योग्यच. पण माझा सडा दीड किलोमीटरचा, त्या चौकटीत तो ठिपका. घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघत आहेत, सहावा जुलै २०२४ मध्ये निघाला. त्यांत एकक आहे गाव. शहराच्या कडेचा प्रश्न असतो गावाच्या पोटातला : या गटात की त्या गटात, कातळावर की उतारावर. तिथे मोठा नकाशा पोचत नाही. तिथे चालतच जावं लागतं.

त्या संध्याकाळी काकींच्या पडवीत मी उत्साहाने म्हटलं, वरच्या सड्याला मी सर्वांत वरची पायरी देणार. काकी काही बोलल्या नाहीत. बोलला त्यांचा पुतण्या. कांदिवलीला एका कारखान्यात तीस वर्षं काढलेला.

“ताई, तुम्ही पायरी द्याल. पण त्या सड्यात माझा वाटा आहे. तीस वर्षांत त्याने मला एक रुपया दिला नाही. निवृत्त झालो की मला इथे घर बांधायचंय. मळ्यात बांधू तर पूर. बागेत बांधू तर कलमं तोडायला लागतात, ती भावाची. वर बांधू तर तुम्ही नको म्हणता. मग बांधू कुठे?”

सभेत कुणी बिल्डरने हा प्रश्न विचारला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. पडवीत नव्हतं. ज्या पुतण्यामुळे अकरावं घर गणपतीत उघडतं, त्याला मी काय सांगणार होते? फुलं बघ?

रात्री मैत्रिणीबरोबर बसून नकाशा नव्याने मांडला. १४ नंबरचे चार तुकडे केले, काकींची नावं धरून. मग प्रत्येकाला एक रंग देण्याऐवजी प्रश्न बदलत गेलो. तळीचा कातळ आणि गोठण : कुठलंही बांधकाम, भराव, भिंत, सगळ्यालाच अति संवेदनशील. रस्त्यालगतचा पाठार : जोत्यावरचं एकेक घर सोसेल, भोवती गडगा चालेल, पक्की भिंत नाही, मुरुमाचा भराव नाही. प्लॉटिंगला मात्र संवेदनशीलता जास्त. कचऱ्याने भरलेली चिरेखाण : एप्रिलात मी तिच्यामुळे अख्ख्या सड्याला ‘बिघडलेला’ म्हटलं होतं, खरं तर जिथे सडा आधीच कापून नेलेला होता तीच जागा साफसूफ करून वस्तीसाठी सगळ्यात सोशीक निघाली. आणि खाली बाजारपेठेमागे अर्धी पडलेली, वाटण्यांत अडकलेली कितीतरी परसं होती. शहराची कड पारखायला निघालेल्या मी शहराच्या पोटात बघितलंच नव्हतं.

पुतण्याला सकाळी नकाशा दाखवला. त्याने पाठारावर बोट ठेवलं. “इथे चालेल म्हणता?” म्हटलं, भिंत न घालता. तो म्हणाला, “भिंत नाही घातली तर उद्या दुसरा कोणी घालेल.” त्याचंही खरं होतं. सातबाऱ्यावरची त्रेचाळीस नावं माझ्या कुठल्याच रंगात बसत नव्हती, आजही बसत नाहीत.

ऑक्टोबरात सादरीकरण झालं. समोरच्या अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, जुना मसुदा काढला आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली.

“मॅडम, मेच्या मसुद्यात इथे ‘कमी’ आहे. आता ‘अति’. जमीन तीच, तुम्ही त्याच. उद्या कोणी कोर्टात गेलं तर आम्ही काय सांगायचं?”

“तेव्हा मी एप्रिलात पाहिलं होतं, साहेब.”

सगळे हसले. ते हसले नाहीत. “मग तसं लिहा ना. तारीख टाका. कधी बघितलं, सोबत कोण होतं. म्हणजे आम्हांला बोलता येईल.”

त्यांनी ते फाइल सांभाळण्यासाठी सांगितलं असेल. पण मला माझ्या इतक्या वर्षांच्या कामातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांच्याकडून मिळालं. आम्ही जमिनीला जी पायरी देतो ती फक्त जमिनीची नसते. कोण, कधी, कुणाला बरोबर घेऊन तिथे उभं राहिलं, त्याचीही ती नोंद असते. एप्रिलातली मी आणि बॉनेट, एवढ्यांची मिळून पायरी ‘कमी’ आली. सप्टेंबरातली मी, मैत्रीण, नातू आणि काकींची सात नावं, यांची वेगळी आली. उद्या कोणी भूजलवाला बरोबर येईल तेव्हा तीही बदलेल, आणि बदलावी.

शिफारशींचं काय झालं, असं लोक विचारतात. काही लागल्या, काही नाही. तळीचा कातळ आणि गोठण नव्या नकाशात मोकळी राहिली. चिरेखाणीचं अजून घोंगडं भिजत आहे. उत्तरेच्या कोपऱ्यावर घरं झाली. तिथली बिनशेती आमच्या आधीची होती. त्यांच्या खालच्या मळ्यात दर पावसात गाळ येतो. पुतण्याचं घर अजून झालेलं नाही. काकींची बावडी आटलेली नाही, निदान गेल्या शिमग्यापर्यंत तरी, असं नातू फोनवर म्हणाला.

माझ्या तक्त्यात मात्र आता प्रत्येक भागापुढे दोन रकाने जास्त आहेत : ‘कधी पाहिलं’ आणि ‘सोबत कोण’. ते भरल्याशिवाय पायरीचा रकाना भरायचा नाही, असा ऑफिसातला नियम आहे.

यंदा घाटमाथ्यावरच्या एका गावाचं काम आलं. आदेश जानेवारीतच निघाला, अहवाल मेअखेर हवा. नव्याने लागलेला मुलगा पाहणी करून आला, तक्ता माझ्यापुढे ठेवला. हुशार आहे, अक्षर सुरेख. भाग क्रमांक ९, खडकाळ पठार. संवेदनशीलता : कमी. कधी पाहिलं : ११ एप्रिल, दुपारी १. सोबत कोण : कोणी नाही.

“सोबत कोणी भेटलं नाही?”

“एक धनगर आजोबा होते, मॅडम. काहीतरी सांगत होते. पण ऊन फार होतं.”

मी त्याची पायरी खोडली नाही. शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘ऑगस्टनंतर ठरवू’, आणि मुदत वाढवून मागणारं पत्र टाइप करायला बसले.